चौथं रीडिंग

एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेला परीक्षक, म्हणून आलेल्या माणसाला काय काय लागतं, याची यादी आमच्या भागातल्या रसायनशास्त्र विभागांना पाठ असते. बसस्टँडवर न्यायला दुचाकी, गेल्याबरोबर चहा, पंख्याखालची खुर्ची, दुपारी हॉटेलातून मागवलेलं जेवण, निघताना शाल आणि नारळ. परीक्षेला काय लागतं हे या यादीत नसतं, आणि त्यावाचून काही अडतही नाही. त्या दिवशी परीक्षा होत नाही, परीक्षेचे कागद तयार होतात.

हे वाचून कुणाला वाटेल की मी तिथे जाऊन असलं काही तोंडावर सुनावत असेन. तसं काही नाही. नांदेडच्या एका कॉलेजात मी एकोणतीस वर्षं विश्लेषण रसायन शिकवलं, निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, आणि या सगळ्या काळात मी शाल घेतली, नारळ घेतला आणि सही केली. घरच्या कपाटात सतरा शाली आहेत. माझी बायको इंदू त्यांतल्या चारांवर उन्हाळ्यात सांडगे वाळत घालते. ती म्हणते, तेवढाच त्यांचा उपयोग.

यंदाच्या मे महिन्यात विद्यापीठातून फोन आला. लातूरच्या एका कॉलेजात एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्राची प्रात्यक्षिक परीक्षा होती, ठरलेल्या परीक्षकांच्या घरी लग्न निघालं होतं, दुसरं कुणी मिळेना. मी नाही म्हणणार होतो. पण फोनवर नाही म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात पलीकडचा माणूस हो धरून चालतो, हा माझा जन्माचा अनुभव आहे.

"जा की," इंदू म्हणाली. "अठरावी आणा. एखादी हलकी मिळाली तर बघा, जाड शालीवर सांडगे नीट वाळत न्हाईत."

लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटी लातूरला पोचली तेव्हा अकरा वाजले होते. विभागप्रमुख वीरभद्र स्वतः न्यायला आला होता. हा माझा विद्यार्थी. नांदेडला माझ्याकडे दोन वर्षं होता तेव्हा तो मागच्या बाकावर बसून माझं प्रत्येक वाक्य, खोकल्यासकट, लिहून घ्यायचा. आता पन्नाशीचा आहे, पोट आलंय, आणि विभागात त्याच्या शब्दाबाहेर कुणी जात नाही. प्रयोगशाळेच्या दारात बारा विद्यार्थ्यांसमोर त्यानं वाकून माझ्या पायाला हात लावला. मी मागे सरकलो आणि कचऱ्याच्या डब्याला अडखळलो.

"पोरांनो, हे सर," तो म्हणाला. "आपली जी प्रात्यक्षिकाची पुस्तिका हाय ना, ती मूळ यांच्या हातची. मी फक्त छापली. एक आकडा बदलला न्हाई."

पोरांनी टाळ्या वाजवल्या.

प्रयोगशाळेत दोन स्पेक्ट्रोफोटोमीटर होते. नवा एका कोपऱ्यात मखमली कापडाखाली होता. तो तपासणी समिती येणार म्हणून घेतला, समिती येऊन गेली, आणि तेव्हापासून बिघडेल या भीतीनं कुणी लावला नाही. जुन्याच्या कपाळावर, म्हणजे जिथे आकडे दिसतात त्या काचेच्या वरच्या अंगाला, कुंकवाचं बोट होतं आणि खाली हळद. दसऱ्याला सगळ्या यंत्रांची पूजा होते. पूजेला माझा विरोध नाही. वर्षातून निदान एका दिवशी तरी त्या यंत्राला हात लागतो, एवढंच मनात आलं.

प्रयोग काय होता ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. पाण्यात विरघळलेलं लोह किती, ते शोधायचं. लोह डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्यात एक द्रव घालतात, की पाणी नारिंगी होतं. लोह जेवढं जास्त, तेवढा रंग गडद. हे पाणी क्युवेट नावाच्या छोट्या चौकोनी काचेच्या नळीत घालून यंत्रात ठेवायचं. यंत्र त्यातून प्रकाश सोडतं आणि किती प्रकाश शोषला गेला त्याचा आकडा दाखवतं. लोह दुप्पट तर आकडा दुप्पट. म्हणून सहा बाटल्यांत एक, दोन, तीन असं सहा मिलिलिटरपर्यंत माहीत असलेलं द्रावण घ्यायचं, पाणी घालून प्रत्येक बाटली शंभर मिलिलिटर करायची, सहा रीडिंग घ्यायची आणि आलेखावर सहा बिंदू मांडायचे. सरळ रेषा येते. मग परीक्षक एक सातवी बाटली देतो. तिच्यात किती घातलंय हे विद्यार्थ्याला माहीत नसतं. तिला अननोन म्हणतात. तिचं रीडिंग घ्यायचं, रेषेवर बघायचं आणि उत्तर सांगायचं. एवढंच. दहावीच्या पोरालाही जमेल.

आता आमची पुस्तिका. तिच्यात नमुना म्हणून सहा रीडिंग दिली आहेत. ०.०९९, ०.१९८, ०.३०१, ०.४६०, ०.४९९, ०.६०१. पाच बिंदू एका रेषेत आणि चौथा उंच उडालेला, पंगतीत मध्येच एक माणूस उठून उभा राहावा तसा. ही रीडिंग १९९३ च्या थंडीत मी घेतली होती.

त्या दिवशी विद्यार्थी एक-एक करून यंत्रासमोर येत होते. खुर्चीवर बसायचे, वीरभद्रचा एक सहायक मोबाइलवर त्यांचा फोटो काढायचा, फोटोत तारीख आणि ठिकाण उमटायचं, आणि ते उठायचे. यंत्र चालू होतं की नाही हे फोटोत कळत नाही. मग ते माझ्यासमोर वही ठेवायचे. चौथं रीडिंग ०.४६०. चौथं रीडिंग ०.४६०. अननोन साडेतीन मिलिलिटर. पुन्हा चौथं रीडिंग ०.४६०. बत्तीस वर्षांपूर्वी मी हिरव्या शाईच्या पेनानं लिहिलेला आकडा अकरा वेगवेगळ्या अक्षरांत माझ्याकडे परत येत होता. अक्षरं मात्र सुरेख होती.

तोंडी परीक्षेत वीरभद्रनं मला खूश करायचं ठरवलं होतं. शिवशंकर नावाच्या एका उंच मुलाला त्यानं विचारलं, "सांग, चौथ्या बिंदूला रेषा वर का जाते?"

"सर, चौथ्या तीव्रतेला संयुगाची रचना बदलते, त्यामुळं प्रकाश जादा शोषला जातो."

हे मी कधीच लिहिलं नव्हतं. मी फक्त आकडा लिहिला होता. कारण नंतर कुणीतरी रचलं होतं. देवळात आधी शेंदूर लागतो, गोष्ट मागून येते.

"आणि पाचव्याला?" मी विचारलं. माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा विचारलं. "पाचव्या बाटलीत काय होतं?"

"पाचव्याला रचना परत पहिल्यासारखी होते सर."

"का?"

शिवशंकरनं वीरभद्रकडे पाहिलं. वीरभद्रनं पंख्याकडे.

"सर," शिवशंकर म्हणाला, "तेवढं सिलॅबसला न्हाई."

मी मान हलवली. वहीवर सही केली. माझ्या मनात या विभागाबद्दल, या मुलांबद्दल आणि त्यांना असलं शिकवणाऱ्याबद्दल जे काही चाललं होतं ते लिहिण्यासारखं नाही. पण मान मी हलवली, आणि ती होकाराचीच दिसली असणार.

बाराव्या वहीतला आलेख सरळ होता.

सहाही बिंदू रेषेवर. चौथं रीडिंग ०.४०२. अननोन दोन पूर्णांक तीन. मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. समोर एक सावळी, काटकुळी मुलगी उभी होती. ओढणीच्या टोकाला नारिंगी डाग पडले होते. त्या दिवशी प्रयोगशाळेत खरं रसायन लागलेलं दुसरं काहीच मला दिसलं नव्हतं.

"ही पुनम शिवमूर्ती," वीरभद्र म्हणाला. "चाकूरची. हिची केस न्यारी हाय सर. हिला सगळं येतं. पुस्तिकेला येत न्हाई ते बी येतं."

"सर, मी सकाळी लवकर येऊन यंत्र लावलं. चौथं तीनदा घेतलं," ती मला म्हणाली. "तिन्ही वेळा तेवढंच आलं."

"तीनदा घ्यायला कुणी सांगितलं होतं तुला?"

"कुणी न्हाई सर."

"अननोन किती असतो?"

"अननोन किती असतो हे मला कसं माहीत असणार सर?"

मागे कुणीतरी हसलं. वीरभद्र हसला नाही. "बघा," तो मला म्हणाला. "हैदराबादला औषधाच्या कंपनीत हिची निवड झालीय, लॅबमधे. तेव्हापासून डोक्यात हवा गेलीय. बाई, तिथल्या यंत्रालाच शिकव म्हणावं आता."

"एक जुलैला हजर व्हायचंय सर," पुनम माझ्याकडेच बघून म्हणाली. "पास झाल्याचं मार्कमेमो घेऊन या म्हणले. न्हाई तर जागा दुसऱ्याला." एवढं बोलून तिनं वही मिटली, दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि बाहेर गेली.

आता माझ्या मनात काय आलं ते सांगायला हवं, जरी त्यात माझी शोभा नाही. मला वाटलं, हिनंही बनवलंय. बाकीच्यांनी पुस्तिकेवरून उतरवलं, हिनं डोक्यावरून. सहा बिंदू सरळ रेषेत बसवायला यंत्र लागत नाही, पुस्तक वाचलेलं असलं की पुरतं. आणि माझ्या चौथ्या रीडिंगचं काय? १९९३ पासून मला खात्री नव्हती की ते चुकलं होतं. ते आलं तेव्हाच मला खटकलं होतं. पुन्हा घ्यावं असं मनात होतं. पण त्या वेळचे आमचे प्रमुख दारात उभे राहून म्हणाले, "झालं का? छापायला टाकायचंय," आणि मी झालं म्हणालो. नंतर कित्येक रात्री मी स्वतःला समजावलं की तसं काही असेलही. जगात आपल्याला न कळणाऱ्या पुष्कळ गोष्टी असतात. रेषेत न बसणारा एखादा बिंदू त्यांतलाच. माणूस स्वतःला काय वाटेल ते पटवून देऊ शकतो. मी तर शिक्षक होतो, दुसऱ्यांनाही पटवून देऊ शकत होतो.

दुपारी जेवण आलं. भाकरी, वांगं, ताटाच्या कडेला पापड, वर जिलेबी. दोन घास खाऊन मी हात धुवायला मागच्या अंगाला गेलो. तिथे हणमंत होता, प्रयोगशाळेतला जुना शिपाई, सगळे त्याला मामा म्हणतात. परीक्षेच्या सगळ्या बाटल्या तोच भरतो. मी नळ सोडला आणि पाण्याच्या आवाजात, त्याच्याकडे न बघता विचारलं, "मामा, अननोन किती भरला होता?"

"साडेतीन साहेब. कायम साडेतीनच असतंय."

"आज?"

हणमंतनं आधी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "साहेब, तुमी भायेरचे. कुनाला सांगायचे न्हाईत न्हवं?"

"नाही."

"पस्तीस घालायचं असतंय मोठ्या बाटलीत, लिटरला. काल बघतो तं माल संपत आलेला. नळीत मोजलं तं तेवीस निघालं. आता रातच्याला कुठून आनू? बाकी पानी वतलं अन् हलवून ठिवलं. कोन मोजून राहिलंय हितं, साहेब? वीस वर्सं झाली, एकानं मोजलं न्हाई."

लिटरला पस्तीस म्हणजे शंभर मिलिलिटरच्या बाटलीत साडेतीन. तेवीस म्हणजे दोन पूर्णांक तीन.

मी नळ बंद केला. रेषा बनवता येते, अननोन बनवता येत नाही. हणमंतनं आणि त्याच्या रिकाम्या बाटलीनं जे लपवलं होतं ते त्या मुलीनं शोधून काढलं होतं. बारा जणांत एकीनं यंत्र लावलं होतं आणि यंत्रानं तिला खरं सांगितलं होतं.

"साहेब, माझं नाव घिऊ नका बरं का," हणमंत म्हणाला. "वीरभद्र सर मला जितं ठिवायचे न्हाईत. दोन वर्सं राहिलीत माझी."

"नाही घेणार," मी म्हणालो. मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला बरंच वाटलं. हणमंतचं नाव घ्यायचं नाही म्हणजे माझ्या हातात काही पुरावा नाही. पुरावा नाही म्हणजे मला काही करायचं नाही. मी जागेवर येऊन बसलो आणि जिलेबी खाल्ली.

जेवणानंतर वीरभद्रनं गुणांची यादी पुढे ठेवली. पेन्सिलनं लिहिलेली होती. पन्नास गुणांपैकी अकरा जणांना एक्केचाळीस ते चव्वेचाळीस. पुनमला सतरा. पास व्हायला वीस लागतात.

"सर, इथं सही," तो म्हणाला. "मग मी पोर्टलवर भरतो. साडेपाचला बंद होतंय."

"सतरा?"

"दोन चुका हाईत सर. चौथं रीडिंग आणि अननोन. त्या दोन्हींचेच मार्क जास्त असतात. मी अन्याय करून नाही राहिलो. हिवाळ्यात परत बसेल, तवर डोकं थंड होईल. आणि सर," त्यानं आवाज खाली आणला, "हिनं वर्गात सगळ्यांसमोर म्हटलं होतं की पुस्तिकेतलं चौथं रीडिंग चूक हाय म्हणून. म्हणजे तुमचं. मी ऐकून घेईन का?"

तो खरंच दुखावला होता. त्याच्यात लबाडी असती तर मला सोपं गेलं असतं. तो भक्त होता. माझ्या चुकीचा तीस वर्षांचा भक्त. त्या चुकीसाठी तो एका मुलीची नोकरी घालवायला निघाला होता आणि त्याला वाटत होतं की तो माझी सेवा करतोय.

पेन माझ्या हातात होतं. मी यादीकडे पाहिलं. सतरा या आकड्याला पेन्सिलनं दोनदा गिरवलं होतं.

"यंत्र जरा लावता का?" मी म्हणालो.

"फोटो झालेत सर सगळ्यांचे."

"नाही. लावायचंय."

हणमंतनं बटण दाबलं. दिवा तापायला पंधरा मिनिटं लागतात. सगळे यंत्राकडे बघत बसले. बाहेर उभी असलेली मुलं दारात गोळा झाली. पुनमला मी तिची चौथी बाटली मागितली. तिनं ती टाकून दिली नव्हती, चिठ्ठी लावून ठेवली होती. तिनं क्युवेट धुतलं, भरलं, ओढणीत बांधून आणलेल्या जुन्या मलमलच्या तुकड्यानं पुसलं. क्युवेटच्या दोन बाजू पारदर्शक असतात आणि दोन धुरकट. प्रकाश पारदर्शक बाजूंतून जातो आणि तिथला डागही प्रकाश अडवतो, म्हणून बोटं धुरकट बाजूंवर ठेवायची. तिनं तसंच धरलं. यंत्रात ठेवलं, झाकण लावलं.

०.४०१.

"एक हजारांश कमीच आलं," शिवशंकर दारातून म्हणाला. दिवसभरात त्या खोलीत पहिल्यांदा कुणीतरी आकडा नीट बघितला होता.

"योगायोग," वीरभद्र म्हणाला.

मी क्युवेट बाहेर काढलं. मला माहीत होतं मी काय करणार आहे, आणि तरी ते यशस्वी व्हावं की फसावं हे मला कळत नव्हतं. मी सकाळी डोक्याला खोबरेल लावतो. डोक्यावर फारसं काही उरलेलं नाही, पण सवय आहे, कॉलेजात असल्यापासूनची. बसल्या बसल्या कानामागे बोट फिरवायचीही सवय आहे. इंदूला ती अजिबात आवडत नाही. मी कानामागून अंगठा फिरवला. मग क्युवेट पारदर्शक बाजूंनी धरलं, सगळं बळ लावून, जसं घाई असलेला तरुण मास्तर धरेल तसं, आणि यंत्रात ठेवलं.

आकडे थरथरले, थांबले. ०.४५३.

बाहेर एक मोटारसायकल बराच वेळ चालू होत नव्हती.

"वीरभद्र," मी म्हणालो. "हे माझं बोट आहे. संयुग नाही. त्र्याण्णव साली मी क्युवेट असं धरलं होतं."

त्यानं आकड्याकडे पाहिलं, मग माझ्या अंगठ्याकडे, आणि मग, हे मला कधी विसरता येणार नाही, त्यानं मला धीर दिला. "न्हाई सर," तो म्हणाला. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आज लाइट कमी-जास्त होऊन राहिलीय. दिवा जुना झालाय. पुस्तिकेत चूक असती तर इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नसतं का?"

"मी सांगितलं होतं सर," पुनम म्हणाली. "ऑगस्टमधे."

"तू गप," वीरभद्र म्हणाला.

"आणि अननोन?" तो माझ्याकडे वळला. "तिथं तुमच्या बोटाचा काय संबंध? अननोन साडेतीन असतो. मामा, साडेतीनच भरला होता ना?"

हणमंतनं फरशीकडे बघत मान हलवली. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. मी शब्द दिला होता. अननोन साडेतीन आहे हे सगळ्यांना आधीच माहीत असेल तर तू परीक्षा कशाची घेतोस, असं मला म्हणता आलं असतं. हे वाक्य मला परतीच्या एसटीत सुचलं, चाकूर गेल्यावर.

त्या वेळी मी खुर्चीवर बसलो, यादी पुढे ओढली, पेनाचं टोपण काढलं आणि सही केली नाही. हा काही निश्चय नव्हता. हात पुढे गेला नाही, एवढंच. मी सतराकडे बघत बसलो.

"सर, चार वाजले," वीरभद्र म्हणाला.

मी म्हणालो, "हं."

चहा आला. मी प्यालो. पाणी आलं. शाल आणि नारळ ताटात घालून आले, आणि ताट टेबलावर यादीच्या शेजारी ठेवलं गेलं. मुलं दारातून हललीच नव्हती. पुनम भिंतीला टेकून उभी होती, वही छातीशी. साडेचारला वीरभद्रनं बाहेर जाऊन फोन केला. आत येऊन म्हणाला, "सर, सही झाली न्हाई तर बाराच्या बारांचा निकाल अडकतोय." मी म्हणालो, हो. पावणेपाचला म्हणाला, "सर, तुमची नांदेडची गाडी." मी म्हणालो, जाईल. बोलता येत नाही म्हणून आयुष्यभर मी माझ्या भिडस्तपणाला शिव्या घातल्या. त्या दुपारी पहिल्यांदा न बोलण्याचं काहीतरी होत होतं. पण ते होत असताना मला फक्त घाम येत होता आणि लघवीला जायचं होतं.

पाच वाजून दहा मिनिटांनी वीरभद्र माझ्यासमोर बसला. त्यानं खोडरबर घेतलं.

"किती लिहू सर?"

सगळ्यांत जास्त लिही, असं म्हणायला हवं होतं. अठ्ठेचाळीस म्हणायला हवं होतं. बाकीच्या अकरांना शून्य लिही, असंही कुणी म्हणालं असतं. मी यादीवरून बोट फिरवलं. वरचा आकडा चव्वेचाळीस होता.

"चव्वेचाळीस," मी म्हणालो.

त्यानं लिहिलं. मी सही केली. बाराही जणांच्या गुणांवर केली. ज्या अकरांनी यंत्राला हातही लावला नव्हता त्यांच्यासह. मग त्यानं माझ्या खांद्यावर शाल घातली, टाळ्या झाल्या, आणि फोटोही निघाला, तारीख आणि ठिकाणासकट.

बाहेर जिन्यापाशी पुनम उभी होती. मला वाटलं आभार मानेल, आणि त्या कल्पनेनंच मी चाल वाढवली.

"सर," ती म्हणाली, "तुम्हाला तेव्हा पुन्हा घेऊन बघावं वाटलं न्हाई का?"

"वाटलं होतं," मी म्हणालो.

मी आणखी काही बोलेन असं तिला वाटलं असावं. मग "बरं सर" म्हणून ती खाली उतरली.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात तिचा मेसेज आला. ती हजर झाली होती. तिथे पहिल्या दिवशी हातमोजे दिले, आणि क्युवेट उघड्या हातानं धरलेलं दिसलं तर घरी पाठवतात, असं तिनं लिहिलं होतं. त्यापुढे काही नव्हतं. इंदूला दाखवला. ती म्हणाली, "शहाणी हाय पोरगी. डोक्याला तेल कोन लावतंय का ते बी बघत असतील."

ऑगस्टमध्ये कुरियरनं एक पाकीट आलं. पुस्तिकेची नवी आवृत्ती, रंगीत मुखपृष्ठाची. पहिल्या पानावर शाल घातलेला माझा फोटो, खाली 'आमचे प्रेरणास्थान'. मी प्रयोग उघडला. चौथं रीडिंग बदललं होतं. ०.४०१. रेषा सरळ. संयुगाच्या रचनेचा परिच्छेद काढून टाकला होता. मला क्षणभर खरंच आनंद झाला. मग पानाच्या तळाशी पाहिलं. अननोन: २.३ मि.लि. त्याखाली ठळक अक्षरांत, विद्यार्थ्यांनी वरील वाचनांत स्वतःच्या मनानं बदल करू नये.

संध्याकाळी वीरभद्रचा फोन आला.

"सर, मिळाली का पुस्तिका? तुमच्यासमोर जे आलं तेच घातलंय, हजारांशासकट. यंदापासून सगळ्या पोरांना तेच. मामाला बी सांगून ठेवलंय, अननोनला तेवीसच घालायचं. आता झालं ना सर बरोबर?"

पावसानं उघडीप दिली होती, खिडकीत इंदू अठराव्या शालीवरचे सांडगे गोळा करत होती. मी फोन दुसऱ्या कानाला लावला. नाही म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ माझ्याकडे होता.

"झालं," मी म्हणालो.